अर्ध्या दिवसाचं काम

मेंढीचा पाय ओढला तर नुसता पायच हातात आला.

यांजमानं तो ट्रॉलीत फेकला आणि उरलेली मेंढी फावड्यानं सुटी करायला घेतली. हिवाळ्यात उबेसाठी जनावरं मेंढवाड्याच्या दगडी भिंतीला चिकटून एकावर एक चढली होती आणि तशीच गोठून मेली होती. फेब्रुवारीत ती दगडासारखी कडक होती, तेव्हा वास नव्हता. रचून ठेवलेल्या लाकडांकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघून आत-बाहेर करता यायचं. आता एप्रिल लागला होता. दुपारी ऊन पडलं की वरचा थर सुटायचा, खालचा बर्फात रुतलेलाच राहायचा, आणि मधे जे काही उरलं होतं ते फावड्याला चिकटून दोरीसारखं लांबायचं. लोकर धरली की कातड्यासकट उतरायची.

तिनं तोंडाला नवऱ्याचा जुना गळपट्टा बांधला होता आणि त्याच्या घडीत धुपाच्या झुडपाचा पाला कोंबला होता. पहिले दोन दिवस त्याचा उपयोग झाला. चौथ्या दिवसापासून धुपालाच मढ्याचा वास यायला लागला.

तालुक्याहून निरोप आला होता. बर्फाचं पाणी ओढ्यात उतरायच्या आत ज्यानं त्यानं आपली मेलेली जनावरं खिंडीखालच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. ओढा मेंढवाड्याच्या खालच्या अंगाला, पन्नास पावलांवर. पिण्याचं पाणी त्याचंच. खड्डा मात्र चौदा किलोमीटरवर. तिकडं न्यायला होती एक ट्रॉली आणि ती ओढायला एक जुनी रशियन जीप. यांजमाचा बाप सरकारी कळपांच्या काळात ड्रायव्हर होता. जीप त्याची, आणि ती हाताळायची अक्कलही त्याचीच.

"भरली का?" दम्बानं गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दारातून विचारलं.

दम्बा तिचा नवरा. जानेवारीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गारठून काळी पडली आणि दवाखान्यात ती काढावी लागली. तेव्हापासून तो हात छातीशी धरून उभा राहायचा. डाव्या हातानं तो दोरी धरायचा, ट्रॉलीचं फळकूट लावायचा. मढ्याला मात्र हात लावत नव्हता. तिनंही सांगितलं नव्हतं.

"भरली."

"सावकाश ने."

सावकाश नेण्यावाचून इलाज कुठं होता? काटा वीसच्या पुढं गेला की आधी गिअरचा दांडा थरथरायचा, मग बुडाखालची बैठक, मग दातावर दात आपटायचे. तीसला आरसा आपोआप फिरून खाली बघायला लागायचा. मागं ट्रॉलीत मढी हलून हलून एकमेकांत कालवली जायची आणि फटीतून तपकिरी पाणी गळायचं. म्हणून पंधरा. फार तर अठरा. जायला तास, यायला तास. दिवसाला दोन खेपा झाल्या की कंबर जागेवर राहायची नाही, आणि डोळे मिटले तरी अंगातली थरथर चालूच असायची.

पाचव्या दिवशी लुवसान आला.

लुवसान दम्बाचा थोरला भाऊ. पलीकडच्या खोऱ्यात, तीस किलोमीटरवर राहायचा. त्याची जीपही याच बनावटीची, एखाद वर्ष जुनीच असेल. ती टेकडीवरून सुरकन उतरली आणि गेरसमोर थांबली. लुवसान खाली उतरला, नाकाला बाही लावली, मेंढवाड्याकडं बघितलं.

"काय रे दम्बा, अजून एवढी पडलीत?"

"निघतायत हळूहळू, दादा."

दोघा भावांनी तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या हातात दिल्या, हुंगल्या, परत केल्या. यांजमानं राखेनं हात घासले, ओढ्याच्या पाण्यानं धुतले, परत घासले. मग चुलीवरचा खारट चहा वाटीत ओतला आणि दोन्ही हातांनी दिरापुढं धरला. लुवसाननं वाटीकडं बघितलं. घेतली नाही.

"तुझ्या हाताला वास येतोय गं. दम्बाच्या हातून दे."

तिनं वाटी दम्बाकडं दिली. दम्बानं डाव्या हातानं ती भावाला दिली. चहा तोच होता.

सुकवलेलं मांस शेवटचं उरलं होतं, ते तिनं उकळत्या पाण्यात टाकलं. लुवसान जेवला. बोटं चाटून झाल्यावर म्हणाला, "गाडी अजून हलते का?"

"हलते, दादा," यांजमा म्हणाली. "वाढलंय."

"टायर. मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं की टायर वाकडे झिजलेत. आणि दुसरं म्हणजे तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. बायकांना सवयच असते. चुलीपुढं बसल्यासारखं गाडीत बसतात!"

तो स्वतःच हसला. दम्बाही हसला. मोठ्यानं नाही, भाऊ हसला म्हणून हसावं तसा. यांजमानं ते बघितलं आणि भांडी उचलली.

"शेळ्या विंचरल्यास का?" लुवसाननं विचारलं.

"आपल्या? अठ्ठावीस उरल्यात. अशक्त आहेत, लोकर काढली तर गारठतील."

"त्या नव्हे गं. मेलेल्या. मेलेलीची लोकरही लोकरच की! आता ऊन लागल्यावर खालची मऊ लोकर आपोआप सुटते. पोतंभर तरी निघेल. तुला नको असेल तर तुझ्या जावेला, त्सेवेलला, पाठवतो मी."

यांजमानं हातातली भांडी तिथंच ठेवली. ती बाहेर जाऊन उभी राहिली. वाऱ्यानं धूळ उडत होती, आणि धुळीलाही तोच वास. लुवसानची जीप समोर उभी होती. तिनं सहज तिच्या चाकांकडं बघितलं, मग वाकून नीट बघितलं. टायर अगदी गुळगुळीत झाले होते. एका बाजूला आतला धागा दिसत होता.

हिचे टायर असे, आणि ही टेकडीवरून पाण्यासारखी उतरली.

लुवसान गेला तेव्हा त्याची गाडी चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. गाडी एकदाही थरथरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रॉली जोडली नाही. मोकळी जीप घेऊन ती टेकडीवर गेली. उतारावर गाडी पस्तीसला नेली. थरथर सुरू झाली, आरसा फिरला. तिनं क्लच दाबला, गिअर काढून टाकला. इंजिन शांत झालं. गाडी आपल्या वजनानं उतरत राहिली, आणि थरथर होती तशीच राहिली.

बाप असाच शिकवायचा. गाडी हलली की आधी बघायचं, कशाबरोबर हलते? इंजिनाबरोबर की चाकांबरोबर? इंजिन गप्प केलं तरी हलतेय, म्हणजे क्लचही नाही आणि क्लचवरचा पायही नाही.

गेरपाशी येऊन तिनं जॅक लावला आणि पुढची चाकं मागं, मागची पुढं केली. दम्बा बाहेर आला.

"काय चाललंय?"

"चाकं बदलते."

"दादानं बघितलंय ना. कशाला उगीच? खेप राहिलीय."

"राहू दे."

पुन्हा टेकडी, पुन्हा उतार. चाकं बदलल्यावर थरथर पुढं सरकली नाही, कमी झाली नाही, वाढली नाही. हादरा येत होता तो थेट बुडाखालून. टायर नाही. ऑक्टोबरपासून हे टायर टायर ऐकत आले, आणि टायर नाहीच. तिला स्वतःचीच शिसारी आली. नोव्हेंबरात ती म्हणाली होती, मी खाली शिरून बघू का? दम्बा म्हणाला होता, दादानं बघितल्यावर तू परत बघितलंस तर त्याचा अपमान होईल. ती गप्प बसली होती. नंतर थंडी उणे चाळीसला गेली. त्या थंडीत लोखंडाला हात लावला की कातडी चिकटून निघते, तेव्हा कोण गाडीखाली शिरणार!

आता तिनं चाकांना दगड लावले, चटई अंथरली आणि खाली शिरली.

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दोन लोखंडी दांडे गाडीच्या पोटाखाली असतात, त्यांना शाफ्ट म्हणतात. एक पुढं जातो, एक मागं. पुढचा फक्त चिखलात लागतो, एरवी गाडी मागच्यावरच चालते. तिनं मागच्या शाफ्टचे आठ नट सोडवले. पाच दिवस मढ्यांवरून, चिखलातून गाडी गेली होती. शाफ्टवर लोकर गुंडाळली गेली होती, त्यात चरबी, त्यावर लीद आणि माती, आणि हे सगळं उन्हानं मऊ झालेलं. प्रत्येक नट फिरवला की त्यातलं थोडं तिच्या कपाळावर, मानेवर पडायचं. एकदा ओठावर पडलं. ती पाण्यापर्यंत पळत गेली, चुळा भरल्या, ओकली, परत येऊन खाली शिरली.

शाफ्ट निघाला. तो तिनं तिथंच टाकला, दांडा ओढून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जोडली आणि गाडी फक्त पुढच्या शाफ्टवर टेकडीवर नेली. वीस, तीस, पस्तीस, चाळीस.

काही नाही. आरसा जागच्या जागी.

ती खाली आली तेव्हा दम्बा त्या पडलेल्या शाफ्टशेजारी उभा होता.

"सापडलं," ती म्हणाली. "हाच आहे. टायर नव्हते."

दम्बा शाफ्टकडं बघत राहिला.

ती मांडी घालून बसली आणि मोडक्या सुरीनं शाफ्टवरची घाण खरवडायला लागली. लोकरीचा पहिला थर चामड्यासारखा सोलून निघाला. टोकाला जिथं शाफ्ट वळतो तिथं अधिकाच्या चिन्हासारखा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला क्रॉस म्हणतात. तिनं शाफ्टचं टोक धरून हलवलं. खटखट झाली. क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या लोखंडी टोपीच्या कडेनं लाल गंजाची पूड गळली. दुसऱ्या टोकालाही तेच. शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात. त्या जोडावरून डोळा लावून तिनं दोन्ही टोकांचे लोखंडी कान बघितले. ते एका रेषेत हवेत. इथं एक आडवा, एक उभा. कुणीतरी उतरवून घाईघाईनं तसाच खुपसला होता.

तिनं जोडावरची घाण काढली, मग फडक्याला रॉकेल लावून पुसलं. आणखी पुसलं. पूर्ण नळी लख्ख होईपर्यंत पुसली.

"दम्बा, हा आपला शाफ्ट नाही."

दम्बा दोन पावलं मागं सरला.

"माझ्या बापानं आपल्या शाफ्टवर निळी रेघ मारली होती. दोन्ही भागांवरून, सरळ. कान चुकू नयेत म्हणून. याच्यावर रेघ नाही."

"पुसली गेली असेल."

"नावेला लावतात तसला रंग होता. तो पुसला जात नाही. कुठाय आपला शाफ्ट?"

दम्बा छातीशी धरलेल्या हाताची पट्टी सारखी करत राहिला. मग म्हणाला, "दादाला कळप घेऊन लांब जायचं होतं. पश्चिमेला गवत होतं तिकडं. त्याच्या शाफ्टचे क्रॉस गेले होते. म्हणाला, पांढऱ्या महिन्याच्या सणापर्यंत दे, नवं वर्ष लागलं की परत करतो."

"कधी?"

"ऑक्टोबरात. तू शेजाऱ्यांच्या गाडीतून पोरीला शाळेच्या वसतिगृहात सोडायला गेली होतीस तेव्हा. दादानंच बदलला, इथंच."

"आणि त्यानं मला सांगितलं, टायर."

दम्बानं बुटानं माती सारली.

"आणि तू ऐकलंस. काल हसलास."

"थोरला भाऊ आहे, यांजमा. मागितल्यावर नाही कसं म्हणू?"

तिनं सुरी खाली ठेवली. तिला आता थंडीतला तो दिवस आठवला. तालुक्याला सरकारी गवत आलं होतं. सत्तर किलोमीटर. दम्बा गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामा परत आला, बोटं काळी पडलेली. गवत संपलं, म्हणाला. ती त्याची बोटं मांडीवर घेऊन रडली होती.

"तालुक्याला गवत संपलं होतं ना?" तिनं विचारलं.

दम्बा शाफ्टपलीकडं खाली बसला.

"मी पोचलोच नाही," दम्बा म्हणाला. "अर्ध्या वाटेवर फारच हलायला लागली. वाटलं, शाफ्ट तुटून टाकीत घुसेल, मग तिथंच मरायची वेळ. खाली उतरून बघायला गेलो, तिथं बोटं गेली. मागं फिरलो. तसंही मी पोचेपर्यंत संपलंच असतं ते."

"संपलं नव्हतं. बाकीच्यांनी आणलं."

"तुला सांगितलं असतं तर तू दादाकडं भांडायला गेली असतीस."

"नाही," यांजमा म्हणाली. "मी शाफ्ट दुरुस्त केला असता."

"क्रॉस कुठून आणणार होतीस? सगळ्या तालुक्यात नव्हते."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"पुढच्या शाफ्टमधून," ती म्हणाली. "तोच क्रॉस लागतो. पुढचा वर्षातून चार दिवस फिरतो. त्याचे नवेच्या नवे आहेत."

ती उठली आणि पुढचा शाफ्ट काढायला गाडीखाली गेली. पुढं तो काय म्हणाला ते तिनं ऐकलं नाही.

काम काही अवघड नव्हतं. टोप्यांवरच्या कड्या पक्कडीनं काढायच्या, हातोडीनं ठोकून टोप्या बाहेर घ्यायच्या. जुन्या टोप्यांतून ग्रीसच्या जागी लाल पीठ पडलं आणि त्यात मोडलेल्या सुयांसारखे पोलादाचे तुकडे. पुढच्या शाफ्टमधले क्रॉस निघाले ते काळ्या ओल्या ग्रीसमध्ये चकचकत होते. बापाच्या डब्यातलं ग्रीस तळाशी होतं, तेवढं तिनं बोटानं काढून भरलं. दम्बा जवळ येऊन उकिडवा बसला, डावा हात पुढं केला.

"धरू का?"

"नको."

क्रॉस बसले. तिनं शाफ्टचे दोन भाग वेगळे केले, पाव फेरा फिरवून कान एका रेषेत आणले आणि परत सरकवले. डोळा लावून बघितलं. परत बघितलं. मग पाठीवर पडून आठ नट आवळले. हात धुताना तिनं वर बघितलं. सकाळचा चहा झाल्यावर तिनं सुरुवात केली होती. ऊन अजून डोंगराच्या बरंच वर होतं.

टेकडीपलीकडच्या सपाटीवर तिनं गाडी चाळीसला नेली. मग पन्नास. मग साठ. हिवाळाभर जी गाडी वीसच्या पुढं गेली नाही ती नुसती गुणगुणत होती. यांजमाला आनंद व्हायला हवा होता. तिनं गाडी थांबवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, आणि किती तरी वेळ तिला मेंढवाड्याच्या भिंतीशी चढलेली ती रास दिसत राहिली. अर्धा दिवस. एवढंच काम होतं.

परत येऊन तिनं पाने आणि हातोडी पिशवीत भरली. गंजलेले दोन क्रॉस एका डब्यात टाकले.

"बस गाडीत," ती दम्बाला म्हणाली.

"कुठं?"

"तुझ्या दादाकडं."

तो बसला. तीस किलोमीटर गाडी एकदाही थरथरली नाही.

लुवसानचा मेंढवाडा लांबूनच ऐकू आला. कोकरं ओरडत होती. ह्या वर्षी यांजमानं तो आवाज ऐकलाच नव्हता. कुंपणात शंभरावर मेंढ्या उभ्या होत्या, हाडं दिसत होती पण जिवंत. कोकरं त्यांच्या पोटाखाली शिरत होती. तिची जाऊ त्सेवेल, लुवसानची बायको, बादली घेऊन बाहेर आली आणि यांजमाला बघून जागीच थांबली.

"ये गं. चहा टाकते."

"नको, वहिनी. दादा कुठायत?"

"घोड्यांकडं गेलेत. येतील आता."

यांजमानं चटई काढली आणि लुवसानच्या जीपखाली शिरली. घाण नव्हती तिथं, सुकी माती होती फक्त. अंगठ्यानं माती घासली. निळी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली होती. बापाचा हात शेवटी जरा कापला होता, तिथं रेघेला शेपटी फुटली होती.

पान्याचा आवाज ऐकून त्सेवेल जवळ आली आणि वाकली. काय चाललंय ते तिनं विचारलं नाही. बादली खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना. सणाच्या वेळीच म्हटलं होतं, देऊन टाका."

"म्हटलं होतंस," यांजमा खालून म्हणाली. "मला का नाही म्हणालीस?"

त्सेवेल सरळ उभी राहिली. यांजमाला आता फक्त तिचे बूट दिसत होते. थोड्या वेळानं बूट गेले.

सहा नट निघाले होते तेव्हा घोड्याच्या टापा ऐकू आल्या आणि दुसरे बूट समोर येऊन उभे राहिले.

"हे काय? यांजमा? काय करतेस खाली?"

तिनं सातवा नट काढला.

"अगं, मला सांगायचंस ना! मी स्वतः आणून देणार होतो. परवा आम्ही तळ हलवतोय, त्यानंतर लगेच आणणार होतो. दम्बा! अरे, तू काय बसून राहिलास? तुझ्या बायकोला काही सांग!"

गाडीत बसलेला दम्बा समोरच्या काचेतून बघत होता. भावाकडंही नाही आणि तिच्याकडंही नाही. तो भावाच्या बाजूनं बोलला नाही. तिच्या बाजूनंही बोलला नाही. खालून, चाकांच्या मधून, यांजमाला त्याचा चेहरा दिसत होता. पाच दिवस मढी उपसताना तिला इतकी किळस आली नव्हती.

आठवा नट निघाला. शाफ्ट छातीवर घेऊन ती बाहेर सरकली, उठली आणि तो आपल्या गाडीत मागं ठेवला. मग डबा काढून लुवसानच्या हातात दिला. त्यानं झाकण उघडलं. आत लाल पीठ आणि मोडक्या सुया.

"तुझे क्रॉस," ती म्हणाली. "शाफ्टही तुझाच माझ्या गाडीला आहे. उद्या मी माझा बसवते, मग येऊन घेऊन जा तुझा."

तिच्या तोंडून 'तू' ऐकून लुवसानच्या भुवया वर गेल्या.

"येऊ कसा? पुढचा शाफ्ट केव्हाच मोडलाय, मागचा तू काढलास..."

"घोडा आहे ना. तुझे घोडे जगलेत."

"यांजमा, परवा तळ हलवायचाय. कोकरं लहान आहेत. एवढी माणुसकी तरी..."

"दोन क्रॉस शोध, कान एका रेषेत आण, आठ नट आवळ. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुला तर सगळं येतं."

लुवसान डबा धरून तसाच उभा राहिला. पूड त्याच्या बोटांना लागली होती. त्यानं ती कपड्याला पुसली आणि त्याच्या स्वच्छ निळ्या झग्यावर रक्तासारखा डाग पडला. त्सेवेल गेरच्या दारातून बघत होती. यांजमा गाडीत बसली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचा शाफ्ट तिनं गाडीला लावला. लुवसानच्या शाफ्टमधले आपले क्रॉस काढून घेतले आणि ते नंतर पुढच्या शाफ्टला बसवायचे म्हणून फडक्यात बांधून ठेवले. उघडा शाफ्ट दारासमोर टाकून दिला. मग ट्रॉली भरली. अजून सात-आठ खेपांची मढी होती, पण ह्या वेगानं दिवसाला पाच खेपा जमल्या असत्या.

"चल," तिनं दम्बाला हाक मारली.

तो नेहमीसारखा फळकूट लावून दाराकडं वळला होता. तो परत आला आणि तिच्याशेजारी बसला.

खिंडीखालचा खड्डा मोठा होता, यंत्रानं खणलेला. कडेला तालुक्याचा एक माणूस चुन्याची पोती घेऊन बसला होता. त्यानं तोंडावरचं फडकं न काढता हात हलवून जागा दाखवली. खड्ड्यात आणखी कितीतरी घरांची जनावरं होती, गाई, घोडे, शेळ्या. वर चुना भुरभुरलेला. कावळ्यांना हाकलायलाही कुणी उठत नव्हतं.

यांजमानं ट्रॉली कडेला लावली. इंजिन चालू ठेवलं. गळ्यातला गळपट्टा सोडला आणि दम्बाच्या मांडीवर टाकला.

"उतर."

"मी?" त्यानं पट्टीचा हात वर केला. "ह्या हातानं कसं..."

"डाव्यानं काढ."

तो उतरला. ती मागं वळून बघत नव्हती. फळकूट पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पहिलं मढं ओढल्याचा तो ओला आवाज, जो तिला आता झोपेतही ओळखता आला असता. तो ओकला. चुन्याचा माणूस मदतीला उठल्याचं आरशात दिसलं. तिनं दारातून बाहेर डोकं काढलं आणि म्हणाली, "राहू दे, भाऊ. त्याचीच जनावरं आहेत."

माणूस खाली बसला.

तासभर लागला. ती एकटी करायची तर वीस मिनिटांत व्हायचं. गाडीचं दार उघडून दम्बा आत बसला तेव्हा त्याच्या बाहीवर, दाढीवर, पट्टीवर सगळीकडं ते होतं. तो थरथरत होता. तिनं गिअर टाकला. सपाट रस्त्याला लागल्यावर गाडी चाळीसला गेली, पन्नासला गेली. रिकामी ट्रॉली मागं हलकी उड्या मारत होती. गाडी मात्र स्थिर होती. इतकी, की त्याचा श्वास ऐकू येत होता.

"यांजमा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी परत उभं राहू आपण. अठ्ठावीस शेळ्या आहेत. तू... तू बोल तरी काही."

तिनं काटा साठवर नेला. मग हात लांब करून आपल्या बाजूची काच सरकवली आणि तोंड वाऱ्याकडं केलं.